दोन हातांची तलवार आणि पोलादी चिलखत : वार करण्यापूर्वी काय ठरवावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांनी चौदाव्या शतकातील युरोपीय धर्तीची, १.७ किलो वजनाची, दोन्ही हातांनी चालवायची एक तलवार बनवून घेतली आहे. तिच्याबरोबर २ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे छातीचे कवच आणि कड्यांच्या चिलखताचा हातभर तुकडाही त्यांनी मिळवला आहे. आता कवच लाकडी ओंडक्याला बांधायचे, त्यावर पूर्ण ताकदीने वार करायचे आणि अशी तलवार चिलखत कापते की नाही याचा एकदाचा निकाल लावायचा, असा त्यांचा बेत आहे. त्याआधी काय काळजी घ्यावी, असे त्यांनी विचारले आहे.

कवचापुरता निकाल मी वार होण्यापूर्वीच सांगून टाकतो : ते कापले जाणार नाही. तरीही चाचणी अवश्य घ्यावी असे मी म्हणेन, मात्र प्रश्न बदलून. ‘कापते की नाही’ असे विचारले की एका शब्दात उत्तर मिळते आणि तिथेच सगळे संपते. त्याऐवजी वाराची ऊर्जा गेली कुठे, म्हणजे पात्याने किती खाल्ली, पत्र्याने किती, आतल्या अस्तराने किती आणि अस्तराखालच्या माणसापर्यंत किती पोहोचली, असे विचारले तर प्रत्येक वार काही ना काही सांगून जातो. मी मूळचा उष्णोपचाराच्या धंद्यातला माणूस आहे. भोसरीत गिअर आणि शाफ्टना पाणी देण्यात, म्हणजे पोलाद तापवून झटकन थंड करून कडक करण्यात, माझी सतरा वर्षे गेली. नंतर नोकरीनिमित्त जर्मनीत आलो आणि इथे लांब तलवारीच्या जुन्या विद्येचा नाद लागला. या नादापायी आजवर सात पाती मी स्वतः वाया घालवली आहेत. पुढे लिहिले आहे ते बरेचसे त्या सात पात्यांनी शिकवलेले आहे.

सर्वांत आधी तो ओंडका बाजूला ठेवावा. ओंडक्याला घट्ट आवळलेले कवच म्हणजे ऐरणीवर ठेवलेला पत्रा होय. वार बसल्यावर त्याला मागे सरकायला जागाच नसते, त्यामुळे सगळा आघात धार आणि पत्रा यांच्यामधल्या दोन-चार मिलिमीटरांतच जिरतो आणि पत्रा प्रत्यक्षात फाटला असता त्यापेक्षा लवकर फाटतो. याच्या उलट काही जण कवच दोरीला टांगून ठेवतात. तसे केल्यास ते झोका घेऊन निघून जाते, फक्त एक ओरखडा पडतो आणि कवच फार भक्कम असल्याचा गैरसमज होतो. जिवंत माणूस या दोहोंच्या मधला असतो. त्याला साठ-सत्तर किलोंचे वजन असते, पण तो जमिनीत गाडलेला नसतो. वार लागला की तो मागे झुकतो, त्याच्या बरगड्या लवतात, आतला जाड अंगरखा दबतो.

अशा माणसाची नक्कल घरच्या घरी करता येते. जाड फळीच्या चौकटीत पाच-सहा सेंटिमीटर जाडीचा तेलकट मॉडेलिंग क्लेचा थर भरावा, त्यावर अंगरख्याचे अस्तर आणि त्यावर कवच बांधावे, आणि ही चौकट वाळूची पोती भरलेल्या ढकलगाडीवर उभी करावी, म्हणजे वार बसताच ती वीतभर मागे सरकू शकेल. क्लेच वापरण्याचे कारण असे की गोळीरोधक जॅकेटे तपासतानाही पाठीमागे हाच पदार्थ ठेवतात. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसच्या मानकात, गोळी अडली तरी मागच्या क्लेमध्ये ४४ मिलिमीटरपेक्षा खोल खड्डा पडता कामा नये, अशी अट आहे. क्ले किती मऊ असावी, हेही त्या मानकाने ठरवून दिले आहे : ६३.५ मिलिमीटर व्यासाचा, १ किलोहून थोडा जड पोलादी गोळा २ मीटर उंचीवरून सोडला तर तो साधारण १९ मिलिमीटर रुतला पाहिजे. तेवढा नेमका गोळा आपल्याकडे नसला तरी चालेल. एकच गोळा, एकच उंची, आणि दर चार-पाच वारांनंतर पुन्हा तीच तपासणी, एवढे पाळले तरी सकाळच्या गार क्लेवरचे वार आणि दुपारच्या कोमट क्लेवरचे वार एकाच मापाने मोजल्याची चूक टळते. माझ्या पहिल्या दोन चाचण्या याच चुकीमुळे फुकट गेल्या होत्या.

आता कवच. बाजारात मिळणारी बहुतेक नवी कवचे साध्या कमी कार्बनच्या पत्र्याची, म्हणजे आपल्याकडच्या कारखान्यात ज्याला एमएस किंवा सीआरसीए म्हणतात त्याची, केलेली असतात. हा पत्रा मध्ययुगीन कवचासारखा नसतो, आणि तो एकाच वेळी त्याच्यापेक्षा चांगलाही असतो आणि वाईटही. जुने लोखंड भट्टीत पूर्ण वितळवून केलेले नसल्याने त्यात गाळाच्या, म्हणजे स्लॅगच्या, बारीक रेघा अडकून राहत आणि आघाताची चीर या रेघांमधूनच धावत असे. आजच्या पत्र्यात त्या नसतात. उलट चांगल्या कारागिरांनी केलेल्या कवचात पुरेसा कार्बन असे आणि त्याला पाणीही दिलेले असे. तिथे साधा पत्रा अगदीच मऊ ठरतो. ब्रिटिश धातुतज्ज्ञ ॲलन विल्यम्स यांनी युरोपातील संग्रहालयांतली कवचे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ही विविधता दाखवून दिली आहे. हलक्या सैनिकी कवचाचे जवळजवळ शुद्ध लोखंड एका टोकाला, तर इन्सब्रुक आणि आउग्सबुर्ग इथल्या नामांकित कारागिरांचे कडक केलेले पोलाद दुसऱ्या टोकाला. म्हणून आपल्या नोंदवहीत ‘मध्ययुगीन कवच’ असे न लिहिता ‘२ मिलिमीटर सीआरसीए, पाणी न दिलेले’ असे लिहावे.

जाडीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. पत्र्याची जाडी दुप्पट झाली की तो भेदायला लागणारी ऊर्जा दुप्पट होत नाही, साधारण तिप्पट होते. खरे छातीचे कवच सगळीकडे सारख्या जाडीचे नसे; मधोमध ते जाड आणि काखेकडे व कमरेकडे पातळ होत जाई. हातापायांवरचे पत्रे तर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे असत. त्यामुळे ‘कवच’ हा एकच शब्द वापरून केलेले विधान निम्मे खरे आणि निम्मे खोटे निघते. शिवाय आकाराचा प्रश्न आहेच. सपाट पत्र्याच्या तुकड्यावर चाचणी घेणारे पुष्कळ दिसतात. त्यांनी स्वयंपाकघरातले ताट अंगठ्याने मधोमध दाबून पाहावे आणि मग तेवढ्याच जाडीची कढई पालथी घालून दाबून पाहावी. गोलाईमुळे पत्रा स्वतःच कमान बनतो, आणि धार तिथे बसण्याऐवजी घसरते. वार ४५ अंशांनी तिरपा बसला तर भेदण्यासाठी सुमारे दीडपट ऊर्जा लागते, आणि लढाईत सरळ, काटकोनात बसलेला वार हा अपवादच असतो.

कड्यांच्या चिलखताबाबत मात्र मला थोडे कडक बोलावे लागेल. आपल्याकडच्या तुकड्याची एक कडी भिंगाखाली धरून पाहावी. तिची दोन्ही टोके नुसती एकमेकांना टेकवलेली असतील, तर तो तुकडा नाटकाच्या पोशाखासाठी ठेवावा. त्यावर केलेल्या चाचणीला काडीची किंमत नाही. अशी कडी तारेच्या ताकदीने तुटत नाही, ती नुसती उघडते. युरोपातील युद्धातले चिलखत रिव्हेट मारलेल्या कड्यांचे असे : कडीची टोके चपटी करून एकमेकांवर ठेवायची, भोक पाडायचे आणि त्यात बारीकसा खिळा ठोकून त्याचे डोके बसवायचे. एका कोटात अशा हजारो कड्या. आज जगभर विकल्या जाणाऱ्या नकली चिलखतांपैकी बराच माल आपल्या भारतातच तयार होतो, आणि त्यात उत्तम कामही असते. पण मी एकदा रिव्हेटचे म्हणून मागवलेल्या तुकड्यात तिसरा हिस्सा रिव्हेट भोकात पूर्ण शिरलेच नव्हते, वरून फक्त डोके दिसत होते. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी चाचणीआधी वीस कड्या वेगवेगळ्या जागांवरून काढतो आणि पकडीने ओढून तोडून पाहतो. चांगली कडीसुद्धा बहुधा रिव्हेटच्या भोकापाशीच तुटते, पण ती तुटेपर्यंत हाताला चांगलाच प्रतिकार जाणवतो.

अस्तराचे महत्त्व पटवून देणे सर्वांत अवघड जाते, कारण ते दिसायला गोधडीसारखे असते आणि गोधडीला कोणी शस्त्र अडवणारी वस्तू समजत नाही. वास्तविक तेच त्याचे काम. कापसाचे किंवा तागाचे अनेक थर जवळजवळ टाके घालून शिवलेला जाड अंगरखा चिलखताखाली, काही वेळा चिलखताऐवजीही, घातला जाई. फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या पंधराव्या शतकातील हुकुमात अशा स्वतंत्र अंगरख्यासाठी कापडाचे २५ ते ३० थर आणि त्यावर हरणाचे कातडे सांगितले आहे. चिलखताखालचा अंगरखा यापेक्षा बराच पातळ असे. पण अस्तराशिवाय केलेली कोणतीही चाचणी अर्धवटच समजावी. मी जुन्या सुती चादरींचे सोळा थर हाताने शिवून अस्तर केले. मशीनची सुई आठव्या थरालाच मोडली, हे जाता जाता सांगायला हरकत नाही.

आता तलवारीकडे वळू. पहिला मुद्दा प्रकाराचा. ‘दोन हातांची तलवार’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर सोळाव्या शतकातील लान्सक्नेख्ट, म्हणजे जर्मन भाडोत्री, शिपायांची पुरुषभर उंचीची, दोन ते साडेतीन किलोंची तलवार येते. ती मध्ययुगाच्या अखेरीची आणि वेगळ्याच कामाची वस्तू आहे. आपली तलवार त्याआधीची आहे. ब्रिटिश अभ्यासक एवर्ट ओकशॉट यांनी पात्याच्या आकारावरून युरोपीय तलवारींची जी वर्गवारी केली, तीत तेराव्या प्रकारातील मोठ्या तलवारींचे पाते रुंद, कडा जवळजवळ समांतर आणि टोक बरेचसे गोल असते. पंधराव्या प्रकारात पाते मुठीपासून टोकापर्यंत निमुळते होत जाते, आणि आडवे कापून पाहिले तर त्याचा छेद शंकरपाळीसारखा दिसतो. पहिली घडण कापण्यासाठी, दुसरी खुपसण्यासाठी. पत्र्याची कवचे जसजशी वाढली तसतशी दुसरी घडण वाढत गेली. तलवारकारांना पत्रा कापता येत असता तर पात्याचा आकार बदलण्याची त्यांना गरजच पडली नसती. चाचणीपूर्वी आपली तलवार यांपैकी कोणत्या घडणीची आहे हे ओळखावे, कारण गोल टोकाच्या तलवारीने खुपसून ‘खुपसणे निरुपयोगी आहे’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

दुसरा मुद्दा धातूचा. आजच्या बहुतेक चांगल्या नकला स्प्रिंग स्टीलच्या असतात. आपल्याकडे ट्रकच्या कमानपाट्यांसाठी वापरतात त्या ईएन-४५ जातीचे नाव कारागिरांच्या तोंडी नेहमी येते. योग्य पाणी देऊन ते रॉकवेल मापाने ५० च्या आसपास कडक आणि तरीही लवचिक राहते. मध्ययुगीन पात्यांची कडकपणाची मापे एकाच पात्यावर हातभर अंतरात बदलतात. कुठे धार चांगली कडक, कुठे मऊ. म्हणजे आपले पाते त्या काळच्या सरासरी पात्यापेक्षा सरसच असण्याचा संभव आहे. ते जे करू शकत नाही ते जुने पातेही करू शकत नव्हते, असे म्हणता येईल. मात्र ते जे करू शकते ते जुनेही करू शकत होते, असे म्हणता येणार नाही. हा एकतर्फी पुरावा आहे आणि तसाच तो मांडावा.

तिसरा मुद्दा जिवाचा आहे. मुठीत शिरणाऱ्या पात्याच्या भागाला टँग म्हणतात. काही स्वस्त नकलांत टँग पात्याचाच भाग नसतो, एक बारीक सळई वेल्ड करून जोडलेली असते. माझी पहिली तलवार अशीच होती आणि विकत घेताना मला ते कळले नव्हते. कवचावरच्या तिसऱ्या वाराला पाते मुठीवरच्या, हात वाचवणाऱ्या आडव्या दांडीच्या लगेच खाली मोडले आणि माझ्या डाव्या कानाजवळून मागे उडून कुंपणाच्या फळीत रुतले. मोडलेल्या तोंडावर वेल्डच्या कडेचा भरड, चकाकणारा दाणा स्वच्छ दिसत होता. पाणी दिलेल्या पोलादावर वेल्डिंग केले आणि पुढे काही उपचार केला नाही, की वेल्डशेजारचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो. कारखान्यात हे मी शिकाऊ मुलांना शिकवत असे, आणि घरी मात्र तपासले नाही. म्हणून मूठ उतरवता येत असेल तर उतरवून टँग पाहावा. येत नसेल तर बनवणाऱ्याकडून लेखी खात्री घ्यावी. वार करताना चेहऱ्यावर पूर्ण पारदर्शक ढाल, गळ्याला आवरण आणि जाड हातमोजे असावेत. बघ्यांनी वाराच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कोठेही उभे राहू नये. भारतात चाचणी घेणार असाल तर ९ इंचांहून लांब पात्याचे हत्यार शस्त्रविषयक नियमांच्या कक्षेत येते, तेव्हा जवळच्या पोलीस ठाण्यात आधी विचारणा करावी.

वार मोजायचा कसा, हा यापुढचा प्रश्न. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटी टिपणारे चित्रीकरण असते. पाते सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल तर लागोपाठच्या दोन चौकटींत ते सुमारे ८ सेंटिमीटर पुढे सरकलेले दिसेल. मागे पांढरा पडदा लावून त्यावर दर १० सेंटिमीटरला काळी रेघ मारली, पात्यावर टोकापासून वीतभर आत रंगीत चिकटपट्टी लावली आणि वार लागण्याआधीच्या तीन-चार चौकटींची सरासरी घेतली, की वेगाचा कामापुरता अंदाज येतो. कॅमेरा मात्र वाराच्या पातळीला काटकोनात असला पाहिजे.

वेग कळला की ऊर्जा काढता येते, पण तिथे तलवारीचे सगळे १.७ किलो धरून चालत नाही. वार लागतो त्या जागी, म्हणजे आडव्या दांडीपासून साधारण ६० सेंटिमीटरवर, तलवारीचे परिणामकारक वजन जेमतेम अर्धा किलो भरते. उरलेले वजन मुठीकडे असते आणि ते आघातात पूर्ण भाग घेत नाही. अर्धा किलो आणि सेकंदाला २० मीटर, म्हणजे १०० जूल. ही ऊर्जा कमी नाही. उघड्या हातापायावर ती भयंकर आहे. पत्र्यावर मात्र तिची काय गत होते ते आपल्या शिअरिंग मशीनच्या, म्हणजे पत्रा कापणाऱ्या यंत्राच्या, हिशेबाने पाहा. साध्या पत्र्याचे कर्तनबल दर चौरस मिलिमीटरला ३०० न्यूटनच्या आसपास असते. २ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात ५० मिलिमीटर लांबीचा काप एका दमात घ्यायचा तर ३०,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३ टन जोर लागेल, आणि तोही खालून दुसऱ्या पात्याचा आधार असताना. आपला १०० जुलांचा वार अस्तर दबून आणि माणूस झुकून २० मिलिमीटरांत थांबला, तर त्याचा सरासरी जोर ५,००० न्यूटन, म्हणजे अर्धा टन भरतो. क्षणभर तो याच्या दुप्पट झाला असे धरले तरी गणित जमत नाही. हा ढोबळ हिशेब आहे, आणि धारेची पाचर शिअरिंग मशीनसारखी काम करत नाही हेही खरे. पण तीन टन आणि अर्धा टन यांच्यातली दरी इतकी मोठी आहे की बारकाव्यांनी ती भरून निघत नाही.

प्रत्यक्षात काय दिसते ते सांगतो. वार बसल्याचा आवाज मोठा होतो, मनगटापर्यंत झिणझिण्या जातात आणि आपल्याला वाटते की काहीतरी फाटले. जवळ जाऊन पाहावे तर पत्र्यावर बोटभर लांबीची चमकती खाच असते, नखाच्या टोकाला जाणवेल एवढी, आणि तिच्याभोवती पितळेच्या जुन्या पातेल्याला पडतो तसा उथळ पोचा. कवच उलटे केल्यावर आतल्या बाजूला खाचेच्या मागे एक बारीक फुगीर रेघ दिसते, बस्स. मग पाते उन्हात धरावे. जिथे धार लागली तिथे प्रकाशाची एक ठिणगी चमकते, कारण चांगली धार प्रकाश परतवत नाही, मुडपलेली परतवते. दहापट भिंगातून ती कड एका अंगाला वळलेली दिसते, आणि पाणी जरा जास्त कडक असेल तर वळण्याऐवजी अर्धचंद्राकार टवका उडालेला असतो. म्हणून कायमस्वरूपी शाईने पात्यावर दर ५ सेंटिमीटरला क्रमांक घालावेत आणि प्रत्येक वार कोणत्या क्रमांकावर लागला ते लिहावे. एकदा मुडपलेल्या धारेने केलेल्या पुढच्या वाराची तुलना ताज्या धारेच्या वाराशी करता येत नाही.

कड्यांच्या चिलखतावरही कापण्याच्या वाराचे फारसे काही चालत नाही. रिव्हेटच्या कड्या आणि खाली अस्तर असेल तर एखाद-दुसरी कडी चपटी होते, क्लेमध्ये मात्र लांबट खड्डा उमटतो. त्याची खोली मोजपट्टीने घ्यावी, कारण अंगाला पोहोचलेला मार तोच आहे. खुपसण्याने मात्र चित्र बदलते. त्यासाठी तलवार मुठीला दोन्ही हातांनी न धरता उजवा हात मुठीवर आणि डावा हात पात्याच्या मध्यावर ठेवून भाल्यासारखी वापरावी. चिलखती लढाईत हीच पकड वापरत. इटालियन तलवारगुरू फिओरे देई लिबेरी यांच्या १४१० च्या सुमारास तयार झालेल्या हस्तलिखितांत चिलखत घातलेल्या योद्ध्यांचे डाव याच पकडीने दाखवले आहेत. नव्या माणसाला पाते हाताने धरणे वेडेपणाचे वाटते, पण घट्ट धरलेले पाते हातात सरकले नाही तर कापत नाही. तरीही पहिल्यांदा जाड चामड्याचा मोजा घालूनच करावे.

हिशेब असा. १.२ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी तारेचे एक अंग सुमारे ४०० न्यूटनला तुटते. कडीला ताणणारी अशी दोन अंगे असतात, म्हणजे ८०० न्यूटन, आणि रिव्हेटचा सांधा त्याहून कमजोर. अर्ध्या पात्याच्या पकडीने, शरीराचा भार घालून मारलेल्या खोचीला हा जोर अवाक्याबाहेरचा नाही. आजच्या पोलिसांसाठी असलेल्या भोसकरोधक कवचांच्या अमेरिकी मानकात सर्वांत वरची पातळी ४३ जूल धरली आहे, आणि तेवढ्यात पाते ७ मिलिमीटरपेक्षा आत जाऊ नये अशी अपेक्षा आहे. ती पातळी एका हाताने मारलेल्या चाकूसाठी आहे, हे ध्यानात घेतले तर दोन हातांच्या खोचीची कल्पना येईल. ८ मिलिमीटर व्यासाच्या कडीत निमुळते टोक आधी सहज शिरते, मग कडीला चारी बाजूंनी टेकते आणि तिथे खरी झुंज सुरू होते. माझ्या चाचणीत कडी टपकन तुटल्याचा आवाज खोचीच्या धपक्याहून वेगळा ऐकू आला. टोक अस्तरात गेले, सोळापैकी अकरा थर फाडले आणि थांबले. मी ते ओढून काढले तेव्हा टोकाभोवती सुताचे पांढरे धागे गुंडाळलेले होते आणि तुटलेली कडी पात्यावर अंगठीसारखी अडकून राहिली होती. अस्तर नसते तर तेच टोक क्लेमध्ये गेले असते, हे मी पुढच्याच खोचीत पाहिले.

पत्र्यावर खुपसून मात्र उपयोग नाही. टोक घसरते, आणि घसरून ते काखेत, कोपराच्या आतल्या बाजूला किंवा शिरस्त्राणाच्या झडपेच्या फटीत जावे हाच त्या विद्येचा हेतू होता. त्यामुळे आपल्या चाचणीत पत्रा आणि कड्या जिथे एकमेकांना भेटतात तो सांधा मुद्दाम ठेवावा. कवचाच्या काखेकडील कडेला कड्यांचा तुकडा अडकवून त्यावर खुपसल्यास, नुसत्या कवचावर शंभर वार करून मिळणार नाही एवढी माहिती दहा खोचींत मिळेल.

मुका मार किती पोहोचतो याबद्दलही बरेच गैरसमज आहेत. शिरस्त्राणावर तलवारीचा वार बसला की आतला माणूस कोसळलाच, असे समजले जाते. अर्धा किलो परिणामकारक वजन सेकंदाला २० मीटर वेगाने आले, तर ते डोके आणि शिरस्त्राण मिळून सुमारे ७ किलोंना सेकंदाला दीड मीटरहून कमी वेग देते. मान हिसकेल, कानात घंटा वाजेल, क्षणभर भान हरपेल. पण आत नीट अस्तर असेल तर कवटी फुटणार नाही. हाच वार तलवार उलटी धरून, दोन्ही हातांनी पाते पकडून आडव्या दांडीने किंवा मुठीमागच्या गोळ्याने केला, तर मुठीकडचे जड टोक पुढे येते आणि आघात एका लहानशा बिंदूवर पडतो. जर्मन हस्तलिखितांत या वाराला चक्क खुनी घाव म्हटले आहे. आपल्या तलवारीचा गोळा पक्का बसवलेला असेल, तरच हा प्रयोग करावा.

मग ही तलवार बाळगत कशासाठी, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर रणांगणावर कोणाच्या अंगावर काय होते आणि काय नव्हते यात आहे. २७ जुलै १३६१ रोजी स्वीडनच्या गोटलांड बेटावर विस्बी नगराच्या तटाबाहेर डेन्मार्कच्या चौथ्या वाल्देमारच्या फौजेने तिथल्या शेतकऱ्यांच्या सैन्याचा फडशा पाडला. उन्हाळ्यामुळे मृतदेह घाईने सामुदायिक खड्ड्यांत पुरले गेले, काही तर चिलखतासह, आणि विसाव्या शतकातील उत्खननात अकराशेहून अधिक माणसांचे सांगाडे सापडले. त्यांवरच्या धारदार शस्त्रांच्या जखमांत नडगीवरच्या जखमांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याइतके आहे. धडावर पत्र्यांचे कवच असलेल्या माणसाचेही गुडघ्याखालचे पाय उघडे असत. जिथे कवच आहे तिथे धार वाया घालवायची नाही, हे त्या काळच्या शिपायाला कोणी शिकवावे लागत नव्हते. आपल्याकडेही १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कट्यार महाराजांच्या अंगरख्याखालच्या चिलखतावर घसरली, ही गोष्ट मराठी वाचकाला लहानपणापासून ठाऊक असते. तिथेही चिलखताने आपले काम केले आणि उत्तर गेले ते उघड्या पोटावर.

चाचणीचा क्रम ठरवताना एवढे करावे. आधी नुसत्या अस्तरावर पाच वार आणि पाच खोची, मग अस्तर व कड्या, मग अस्तर व पत्रा, आणि शेवटी सांधा. प्रत्येक वार नव्या जागेवर करावा. प्रत्येक वारानंतर क्लेमधल्या खड्ड्याची खोली, पत्र्यावरच्या खाचेची लांबी आणि पात्याचा क्रमांक लिहावा, आणि फसलेला, घसरलेला वारही वगळू नये. घसरलेले वार किती, हेच कदाचित सगळ्यांत बोलके माप ठरेल. थकवा आला की थांबावे, कारण दमलेल्या हाताचे वार हळू पडतात आणि पाते तिरके बसते.

पात्यावरच्या खाचा ग्राइंडरने काढू नयेत. पातळ कड क्षणात तापते, राखाडी-निळा रंग चढतो आणि तेवढ्या भागाचे पाणी उतरते. बारीक कानसीने, अधूनमधून पाण्यात बुडवत, सावकाश घासावे. त्याआधी मात्र प्रत्येक खाचेचा जवळून फोटो घेऊन ठेवावा. धारेवर धार बसली की इंग्रजी व्ही अक्षरासारखी अरुंद, खोल चीर पडते; पत्र्यावर बसलेली धार रुंद, चपटी आणि एका अंगाला वळलेली असते. पुढे कधी युरोपातील एखाद्या शस्त्रसंग्रहालयात काचेपलीकडची जुनी तलवार पाहण्याचा योग आला, तर तिच्या धारेवरच्या खाचा या फोटोंशी ताडून पाहाव्यात.